सहा अक्षरांत बसणारे शब्द : जत तालुक्यातल्या एका शाळेचं प्रकरण

इंग्रजी वाचन शिकवताना एक साधी वाटणारी गरज पडते. मुलांना जेवढी अक्षरं शिकवून झाली आहेत, तेवढ्यांतच बसणारे शब्द हवे असतात. एका जिल्हा परिषद शाळेत ही गरज कशी भागवली गेली, कुठे अडलं आणि कोणत्या टप्प्यावर काय ठरलं, त्याची ही नोंद आहे. या कामात मी साधनव्यक्ती म्हणून सोबत होतो. गाव, शाळा आणि माणसं ओळखू येतील असा तपशील वगळला आहे.

पार्श्वभूमी

शाळा सांगली जिल्ह्यात, जत तालुक्याच्या पूर्व भागात, कर्नाटकाच्या हद्दीपासून फार लांब नाही. पहिली ते चौथी, द्विशिक्षकी, मराठी माध्यम. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी सरांकडे. बऱ्याच मुलांच्या घरी कन्नड बोलतात, काहींच्या घरी कन्नड आणि मराठी दोन्ही. दिवाळी झाली की काही कुटुंबं ऊसतोडीला जातात. त्यांची मुलं आजी-आजोबांपाशी राहिली तर शाळेत येतात, नाहीतर पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, गैरहजर असतात. पुढे घेतलेल्या एका निर्णयामागे हेच कारण होतं.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे दुसरीतलं मूल ए ते झेड घडाघडा म्हणतं, ‘पी आय एन पिन, पिन म्हणजे टाचणी’ हेही सुरात म्हणतं. तीच तीन अक्षरं उलटी लिहून दाखवली की मात्र गप्प होतं. पाठ झालेला शब्द आणि वाचता आलेला शब्द यांतला हा फरक बाईंना खुपत होता. म्हणून त्यांनी अक्षरांच्या नावांऐवजी ध्वनीपासून सुरुवात करायचं ठरवलं.

अक्षरांचा क्रम त्यांनी ध्वनिपद्धतीतला घेतला : एस, ए, टी, आय, पी, एन. १९९२ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या जॉली फोनिक्स पद्धतीत हीच सहा अक्षरं आधी येतात. ब्रिटिश सरकारने २००७ मध्ये काढलेल्या कार्यक्रमातही पहिल्या दोन गटांत एस, ए, टी, पी आणि आय, एन, एम, डी अशी मांडणी आहे. ए, बी, सी, डी हा रोजचा क्रम सोडून हा आडवातिडवा क्रम का, असं सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं. त्याचं उत्तर आम्हाला पुढे, कामाच्या ओघात, फळ्यावर मिळालं.

अडचण

सहा ध्वनी शिकवून झाले. मुलं जोडून वाचायला तयार झाली आणि बाईंकडचे शब्द संपले. आठवून लिहिलेल्या पहिल्या यादीत सॅट, सिट, पिन, पॅन, टॅप, टिन एवढंच होतं. त्यात एक ‘स्टॉप’ही शिरला होता, कारण तो सोपा वाटतो. पण ओ अजून शिकवलेलाच नव्हता. ‘नेस्ट’चंही तेच, ई यायचा होता.

हे कुणाच्याही बाबतीत घडतं. आपल्या डोक्यात शब्द अर्थाने आणि उच्चाराने येतात. स्वयंपाकघरातल्या वस्तू सांगा म्हटलं की झरझर आठवतात, टी सुरुवातीला असलेले शब्दही थोड्या प्रयत्नाने आठवतात. पण ‘या सहाबाहेरचं एकही अक्षर नको’ ही अट घेऊन आठवायला गेलं की मन अडखळतं, कारण तिथे ‘काय नाही’ हे तपासायचं असतं.

बाईंनी मोबाइलवर शब्द शोधून देणारी साधनं उघडली. एकात सहा अक्षरं टाकल्यावर पहिला शब्द आला ‘पेंट्स’. सहाही अक्षरं एकेकदा वापरलेला, म्हणून सर्वांत वर. पण त्यात ए आणि आय मिळून ‘ए’ हा लांब स्वर होतो आणि तो अजून शिकवलेला नव्हता. शिवाय त्या साधनात एक अक्षर एकदाच वापरता येत होतं, त्यामुळे दोन टी असलेला ‘टिंट’ तिथे दिसणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या साधनाने ‘ट्रान्सपोर्टेशन’, ‘पेंटब्रश’, ‘पार्टिसिपंट्स’ असे लांबलचक शब्द पुढे केले. सहाही अक्षरं त्यांत आहेतच, सोबत आणखी कितीतरी आहेत.

दोन्ही साधनं बरोबरच होती, प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत होता. ‘या अक्षरांचे शब्द’ असं आपण सहज म्हणतो, पण त्यात निदान तीन प्रश्न लपलेले असतात. पहिला : ही सगळी अक्षरं शब्दात असलीच पाहिजेत, बाकी काहीही चालेल. दुसरा : एवढीच अक्षरं, प्रत्येक जास्तीत जास्त एकदा. स्क्रॅबल या अक्षरं जुळवून शब्द करण्याच्या खेळात हातातल्या सोंगट्यांचं असंच असतं. तिसरा : एवढीच अक्षरं, पण कितीही वेळा, आणि सगळी आलीच पाहिजेत असं नाही. वाचनकार्डांना तिसरा प्रश्न लागतो. हे आमच्या लक्षात यायला वेळ गेला, आणि ते आलं एका बाहेरच्या मुलामुळे.

याच शाळेतून चौथी झालेला एक मुलगा आता सांगलीत संगणकाचं शिकतो. सुट्टीत गावी आला होता. बाईंनी अडचण सांगितली तेव्हा त्याने यादी काढून देतो असं म्हटलं नाही. त्याने विचारलं, “मॅडम, सगळी अक्षरं यायलाच हवीत का? आणि एक अक्षर दोनदा आलं तर चालेल का?” बाई म्हणाल्या, “दोनदा आलेलं चालेल रे, पण सहाच्या बाहेरचं एकही नको.” मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच वाटतो. त्या दोन उत्तरांनी काम निम्मं सोपं झालं.

समोर असलेले पर्याय

पाठ्यपुस्तकातले शब्द निवडून घ्यावेत, हा पहिला विचार झाला. त्याचा फायदा उघड होता, मुलांना ते पुढे भेटणारच. पण पाठ्यपुस्तक अर्थाच्या आणि प्रसंगाच्या अंगाने लिहिलेलं असतं. त्यातून सहा अक्षरांत बसणारे शब्द वेचले तर मूठभरही निघत नव्हते.

दुसरा पर्याय संगणकाच्या यादीचा. तिसरा, कागदावर पद्धतशीर शोधण्याचा. चौथा सरांनी मांडला, आणि त्यावर आमची बरीच चर्चा झाली : अर्थ नसलेले शब्द द्यायचे. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीच्या मुलांची जी ध्वनिवाचनाची चाचणी होते, तिच्यात ४० शब्द असतात आणि त्यांतले २० बनावट असतात. मूल पाठांतराने वाचतं की जोडून वाचतं, ते बनावट शब्दावर लगेच कळतं. आमची नेमकी अडचणही तीच होती, त्यामुळे सरांच्या म्हणण्यात दम होता.

बाईंनी तरीही नकार दिला, आणि त्यांचं कारण मला पटलं. इंग्लंडमधल्या मुलाला बोलण्यातलं इंग्रजी येत असतं. शब्द खरा की बनावट, हे त्याला कानाने कळतं. आमच्या मुलांना ‘निप’ आणि ‘निस’ सारखेच अनोळखी. बनावट शब्दही ती मन लावून पाठ करतील, घरी जाऊन म्हणून दाखवतील आणि मोठा भाऊ म्हणेल, असा शब्दच नाही. तपासणीपुरते दोन-चार बनावट शब्द बाईंनी स्वतःजवळ ठेवले, कार्डांवर एकही घेतला नाही.

संगणकाची चाळणी

सांगलीत शिकणाऱ्या त्या मुलाच्या लॅपटॉपवर लिनक्स ही संगणकप्रणाली होती. त्यात इंग्रजी शब्दांची एक साधी फाइल होती, एका ओळीत एक शब्द. अशा फाइलमधून ओळी निवडायला ग्रेप नावाची आज्ञा आहे. केन थॉम्पसन यांनी ती १९७३ मध्ये लिहिली, आजही ती तशीच वापरतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त या सहांपैकीच अक्षरं असलेल्या ओळी दाखव, असं तिला सांगता येतं. यादी क्षणात आली.

शाळेच्या संगणकात लिनक्स नव्हतं, म्हणून त्याने तेच एक्सेलमध्ये करून दिलं. त्यामागची युक्ती सांगण्याजोगी आहे. शब्दात काय आहे ते शोधायचं नाही, चालणारी अक्षरं पुसून टाकायची. सब्स्टिट्यूट या सूत्राने एस पुसायचा, उरलेल्यातून ए, मग टी, असं सहा वेळा. शेवटी लेन या सूत्राने उरलेली लांबी मोजायची. शून्य आली तर शब्द आपला. ‘स्टॉप’मधून एस, टी, पी गेले तरी ओ उरतो, म्हणून तो बाद. सब्स्टिट्यूट मोठी आणि लहान लिपी वेगळी धरतं, त्यामुळे आधी लोअर हे सूत्र लावून सगळी यादी लहान लिपीत आणावी लागते. ते लावलं की मोठ्या एसने सुरू होणारा ‘स्पेन’ही यादीत येतो, आणि मग विशेषनामं हाताने काढावी लागतात.

यादी लांबलचक होती. ‘असिस्टंट’, ‘पियानिस्ट’, ‘इन्स्टंट’, ‘सॅटिन’, ‘पास्ता’, ‘सेंट’ (संत) हे सगळे याच सहा अक्षरांचे. दुसरीच्या मुलाला त्यांतला एकही द्यावा असा नव्हता. शिवाय कधी न ऐकलेले शब्द, संक्षेप आणि वर्गात उच्चारू नयेत असेही काही शब्द त्यात होते. बाईंनी त्या दिवशी एक नियम करून टाकला : यंत्राने काढलेली यादी मुलांसमोर उघडायची नाही, मोठ्या माणसाने ओळीने वाचल्याशिवाय कार्ड करायचं नाही. हा नियम पुढे आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, इतर शाळांनाही मी आवर्जून सांगितला.

पण यंत्राच्या यादीची खरी उणीव वेगळी होती. ती अक्षरं पाहते, ध्वनी तिला कळत नाही.

कागदावरचे २२ गट

यावर तोडगा निघाला तो केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, फळ्यावर. सरांना गणिताची आवड. त्यांनी विचारलं की सहा अक्षरांपासून, एक अक्षर एकदाच घेऊन, तीन ते सहा अक्षरी रचना किती होतील? तीन अक्षरी १२०, चार अक्षरी ३६०, पाच अक्षरी ७२० आणि सहा अक्षरीही ७२०. एकूण १,९२०. एवढ्या कोण तपासणार?

मात्र क्रम सोडून दिला आणि नुसते अक्षरांचे गट पाहिले, तर ते फक्त ४२ भरतात : तिघांचे २०, चौघांचे १५, पाचांचे ६ आणि सहांचा १. पिन आणि निप हे दोन शब्द असले तरी गट एकच, आय-एन-पी. गटातली अक्षरं वर्णक्रमाने लिहायची आणि ती त्या गटाची ओळख मानायची. शब्दकोड्यांचे जाणकार आणि संगणकवाले दोघेही हीच युक्ती वापरतात. इंग्रजीतले ‘लिसन’, ‘सायलेंट’, ‘एन्लिस्ट’ आणि ‘टिन्सेल’ हे चारही शब्द एकाच सहा अक्षरांचे असल्याचं या पद्धतीने आपोआप कळतं.

मग बाईंनी त्यात आपली अट घातली. आम्हाला ऱ्हस्व स्वराचे शब्द हवेत, म्हणजे शब्दात स्वर एकच असावा, ए किंवा आय. दोन्ही आले की उच्चार बहुधा बदलतो. एका स्वरासोबत चार व्यंजनांतली दोन घेतली तर ६ गट, तीन घेतली तर ४, चारही घेतली तर १. एकूण ११. दोन स्वरांचे मिळून २२. एका तक्त्यावर मावतील एवढेच.

तो तक्ता आम्ही सगळ्यांनी मिळून भरला, कोशाची मदत फक्त खात्रीपुरती घेतली. ए-पी-टी मध्ये पॅट, टॅप, ॲप्ट. ए-एन-पी मध्ये पॅन आणि नॅप. ए-एन-टी मध्ये ॲन्ट आणि टॅन. ए-एन-पी-एस हा गट निघाला तेव्हा सगळे पुढे सरकून बसले : स्नॅप, स्पॅन, पॅन्स, नॅप्स. त्याच्या जोडीचा आय-एन-पी-एस : स्पिन, स्निप, पिन्स, निप्स. २२ पैकी फक्त ए-एन-एस या एका गटातून रोजच्या वापरातला शब्द निघाला नाही. आय-एन-पी-टी मधून ‘पाइंट’ आणि त्यात एस घातला की ‘पाइंट्स’ निघतो, पण तिथे आयचा उच्चार ‘आय’ होतो, म्हणून ते दोन्ही गट बाजूला ठेवले. उरले १९.

याच फळ्यावर सरांच्या पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. त्यांनी शेजारी वर्णमालेतली पहिली सहा अक्षरं घेतली : ए, बी, सी, डी, ई, एफ. तिथेही दोन स्वर आणि चार व्यंजनं, तिथेही गट २२. भरायला घेतल्यावर कॅब, बॅड, बेड, फेड आले आणि गाडी अडली. ओढूनताणून आणखी दोन-तीन मिळाले. चार-पाच अक्षरी गट सगळे रिकामे, कारण बी, सी, डी, एफ एकमेकांना चिकटून शब्दाच्या सुरुवातीला किंवा शेवटी येत नाहीत. एस मात्र टी, पी, एन या तिघांच्याही आधी बसतो आणि शेवटी एन-टी ही जोडी जमते. ज्याने कुणी हा क्रम लावला, त्याने मुलाला लवकर वाचायला मिळावं हे पाहिलं होतं. मला हे समजल्यावर मनापासून आनंद झाला. मी इतकी वर्षं हा क्रम नुसता सांगत आलो होतो.

निवडीचे निर्णय

गट भरले तरी कार्डं लगेच झाली नाहीत. प्रत्येक शब्दावर तीन गोष्टी पाहायच्या ठरल्या : उच्चार शिकवल्याप्रमाणे होतो का, अर्थ दाखवता येतो का, आणि वर्गात शोभतो का.

उच्चाराच्या बाजूने सर्वांत जास्त वेळ एसने घेतला. ‘टॅप्स’, ‘पिट्स’, ‘नॅप्स’मध्ये शेवटचा एस ‘स’च राहतो, कारण आधी पी किंवा टी आहे. ‘पिन्स’, ‘टिन्स’, ‘पॅन्स’मध्ये एनच्या नंतर तो ‘झ’कडे झुकतो. ‘इज’ आणि ‘ॲज’मध्येही तेच. म्हणून पहिल्या फेरीत पी-टी नंतरचा एस असलेले शब्द ठेवले, एन नंतरचे मागे ठेवले. ‘पास्ट’ हा शब्द काही जण ‘पॅस्ट’ म्हणतात, आपल्याकडे ‘पास्ट’ म्हणतात. तोही मागे गेला.

अर्थाच्या बाबतीत दोन मतं होती. मुलांच्या माहितीतलेच शब्द घ्यावेत असं सरांचं म्हणणं. तसं केलं असतं तर पिन, पॅन, पॅन्ट, टिन, स्पिन एवढ्यावर थांबावं लागलं असतं. ‘स्पिन’ तर क्रिकेटमुळे सगळ्यांना ठाऊक. बाईंचं मत असं की शब्द अनोळखी असला तरी चालेल, करून दाखवता आला पाहिजे. सिट, सिप, टॅप, पॅट, नॅप, स्निप हे सगळे हाताने, तोंडाने, कात्रीने दाखवता येतात. ॲन्ट तर व्हरांड्यातच सापडते. शेवटी बाईंचं मत मान्य झालं. ‘ॲप्ट’ आणि ‘स्पॅन’ दाखवता येत नाहीत, म्हणून ते गळाले.

‘निट’ म्हणजे लीख. शब्द छोटा, उच्चार सोपा, अर्थ सगळ्यांना माहीत. तरी बाईंनी तो घेतला नाही. वर्गातल्या कुणाला तरी त्यावरून चिडवलं जाईल आणि ते मूल पुढचे दोन दिवस तोंड उघडणार नाही, असं त्या म्हणाल्या. कोणत्याही यादीतून हे कळलं नसतं.

कार्डं गटवार केली. मागच्या बाजूला कोपऱ्यात वर्णक्रमाने गटाची ओळख, पुढे शब्द. बुटांच्या रिकाम्या खोक्यात ती वर्णक्रमाने उभी लावली. पुढचं प्रत्येक नवीन अक्षर वेगळ्या गठ्ठ्यात. ऊसतोडीहून परतलेलं मूल जिथे थांबलं होतं तो गठ्ठा उचलून तिथूनच सुरू करू शकेल, बाकीच्या वर्गाला थांबावं लागणार नाही, हा त्यामागचा हेतू.

एम शिकवायची वेळ आली तेव्हा प्रश्न थोडा बदलला. आता सातांपैकीच अक्षरं, पण एम असलाच पाहिजे. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या सात अक्षरांच्या कोड्यात मधलं अक्षर सक्तीचं असतं, तसंच हे. जुने गट पुन्हा तपासायची गरज नाही, फक्त एम असलेले नवे पाहायचे. मॅट, मॅप, मॅन, मिंट, मिस्ट, स्टॅम्प हे त्यातून आले. पाच अक्षरांचा ‘स्टॅम्प’ मुलांनी वाचला त्या दिवशी बाईंनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

काय घडलं

वर्गातली बहुतेक मुलं पहिला गठ्ठा न अडखळता वाचू लागली. पिनचं निप आणि टॅपचं पॅट झालेलं पाहून ती गप्प होत नाहीत, जोडून बघतात. मुलांनी स्वतःहून एक खेळ सुरू केला : एकाने गटाची ओळख वाचायची, दुसऱ्याने त्यातून निघणारे शब्द सांगायचे. तिसरी-चौथीची मुलंही यात ओढली गेली. त्यांच्यासाठी सरांनी ओ-पी-एस-टी हा गट दिला. त्यातून स्टॉप, स्पॉट, पोस्ट, पॉट्स, टॉप्स आणि ऑप्ट्स असे सहा शब्द निघतात. पोस्टचा ओ वेगळा का, हे पहिल्यांदा मुलांनीच विचारलं.

काही गोष्टी आम्हाला आधी सुचल्या नव्हत्या. स्पिन, स्नॅपसारखी जोडाक्षरं मुलांना कठीण जातील अशी भीती होती, पण स्नान, स्पर्श म्हणणाऱ्या जिभेला ती जड गेली नाहीत. अडचण शब्दाच्या शेवटी आली. घरी कन्नड बोलणारी मुलं ‘पिन्नु’, ‘टिन्नु’ वाचत होती. कन्नडमध्ये बाहेरून आलेल्या शब्दाला शेवटी उकार लागतो, बसचं ‘बस्सु’ होतं, पेनचं ‘पेन्नु’. मुलं चुकत नव्हती, घरच्या भाषेच्या वळणाने वाचत होती. बाईंनी त्यांना टोकलं नाही. ‘पिन’ आणि ‘पिन्नु’ दोन्ही म्हणायला लावून कार्डावर शेवटचं अक्षर कोणतं ते बोटाने दाखवायला सांगितलं. टी आणि पीने संपणारे शब्द त्यांना आधी दिल्यावर फरक लवकर पडला, कारण तिथे ओठ किंवा जीभ ठामपणे थांबते.

पाठ्यपुस्तकाकडे वळल्यावर वेग पुन्हा मंदावला. ‘द’, ‘वॉज’, ‘इज’ यांच्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही आणि हे शब्द कोणत्याही गठ्ठ्यात बसत नव्हते. त्यांच्यासाठी वेगळ्या रंगाची कार्डं करून ते नजरेने ओळखायला शिकवावे लागले.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवात मोबाइलपासून न करता प्रश्न कागदावर लिहिण्यापासून करावी. कोणती अक्षरं सक्तीची, कोणती चालतील, कोणती अजिबात नकोत, अक्षर पुन्हा आलेलं चालेल का, किमान लांबी किती. ही पाच उत्तरं लिहिली की कोणतंही साधन चालतं, अगदी नुसता फळाही.

एक्सेलच्या पत्रकात शब्दाशेजारी उच्चाराचा रकाना पहिल्या दिवसापासून हवा. आमच्याकडे तो नंतर आला, त्यामुळे एसच्या दोन उच्चारांची निवड कार्डं कापून झाल्यावर पुन्हा करावी लागली. घरची भाषा कोणती, हाही रकाना तितकाच गरजेचा होता. पिन्नु-टिन्नुचा अंदाज गावातल्या कोणत्याही माणसाने आधी दिला असता.

नजरेने ओळखायच्या शब्दांची कार्डं पहिल्या गठ्ठ्यासोबतच द्यायला हवी होती, निदान ‘द’ आणि ‘इज’. मग ‘द पिन इज इन द टिन’ हे वाक्य मुलांना दिवाळीच्या आधी वाचता आलं असतं, आणि ऊसतोडीला गेलेली मुलं एक अख्खं वाक्य सोबत घेऊन गेली असती.

बनावट शब्दांबाबत माझं मत अजून पक्कं नाही. बाईंचं कारण योग्य होतं. तरी घरी इंग्रजी ऐकू येणाऱ्या मुलांच्या शाळेत, जत शहरात किंवा सांगली-मिरजेत, सरांचा पर्याय करून पाहण्यासारखा आहे.

सध्या कुठे आहे

सध्या ईचा गठ्ठा तयार होतो आहे, आणि तिथे २२ गटांची पद्धत अपुरी पडते. इंग्रजीत सर्वाधिक येणारं अक्षर ईच. स्क्रॅबलच्या १०० सोंगट्यांत १२ ईच्या असतात. पण ‘टॅप’च्या मागे ई लावला की ‘टेप’ होतो. स्वतः मुका राहून तो आधीच्या स्वराचा उच्चार बदलतो. शिवाय ए-ई-पी-टी या एकाच ओळखीखाली ‘टेप’ही येतो आणि दलदलीतली कुजकी माती असा अर्थ असलेला ‘पीट’ही, ज्याचा उच्चार पूर्ण वेगळा. अक्षरांनी लावलेल्या खोक्यात हे दोघे एका कार्डावर बसतात, ध्वनीने लावलं तर वेगळ्या कप्प्यांत जातात. बाईंनी ईपुरता खोक्याचा भाग दोन कप्प्यांत विभागला आहे : पेन, नेट, टेन, स्टेपसारखे एका स्वराचे शब्द पुढे, मुक्या ईचे मागे. मागच्या कप्प्यात कार्डं जोडीने लावली आहेत, टॅप-टेप, पिन-पाइन, पॅन-पेन. यातला शेवटचा ‘पेन’ म्हणजे खिडकीची काच. तो उच्चाराने लिहायच्या पेनच्या फार जवळ येतो, म्हणून ती जोडी ठेवायची की काढायची हे पुढच्या शिक्षण परिषदेत ठरेल.